ड्रॉइंग दुसऱ्याचं, कारखाना आपला

नाशिकच्या उद्योगांबद्दल बोलणं निघालं की एक मागणी हमखास पुढे येते: शहराला एखादी ‘मदर इंडस्ट्री’ हवी. निवडणुकीचे जाहीरनामे, उद्योग संघटनांची निवेदनं, मंत्र्यांबरोबरच्या बैठका, सगळीकडे हेच ऐकू येतं. मोठा वाहन उद्योग आला, इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा प्रकल्प आला की सातपूर-अंबडच्या लहान युनिटांना काम मिळेल, मुलांना पुण्याची वाट धरावी लागणार नाही, सिन्नरच्या मोकळ्या प्लॉटांवर शेड उभ्या राहतील. मागणी खोटी नाही. पण तिच्यावर आपण जेवढी भिस्त ठेवली आहे तेवढी ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. मोठा कारखाना काम देतो. नवं काय बनवायचं हे ठरवण्याची ताकद तो आपोआप देत नाही. ती ताकद ज्या त्या कंपनीला स्वतः, पैसे आणि माणसं बाजूला काढून, बेत आखून उभी करावी लागते. नाशिकच्या बहुतेक मध्यम कंपन्यांनी हे केलेलं नाही, आणि आपल्या सार्वजनिक चर्चेत हा विषय येतही नाही.

आपल्याकडे मोठे कारखाने आलेच नाहीत असं थोडंच आहे? ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आला. मायको, म्हणजे आजची बॉश, आली. महिंद्रा, सीएट, क्रॉम्प्टन, एबीबी, सीमेन्स, ग्लॅक्सो, व्हीआयपी, सॅमसोनाइट अशी नावं एकेक करून आली. त्यांच्यामागे व्हेंडरांची, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांची, साखळी उभी राहिली, हजारो घरं त्यावर उभी राहिली, माझ्या पिढीतल्या कितीतरी आयटीआयवाल्यांचे संसार त्यावर झाले. हे ऋण मोठं आहे. तरीही इतक्या वर्षांनंतर नाशिकच्या किती कंपन्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या डिझाइनचा माल देशभर विकतात, असं विचारलं तर उत्तरासाठी आठवत बसावं लागतं. काही आहेत, चांगल्या आहेत. पण एवढ्या मोठ्या औद्योगिक वसाहतीच्या मानाने थोड्या आहेत.

स्कॉर्पिओचं उदाहरण मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. २००२ मध्ये ही गाडी बाजारात आली ती नाशिकच्या कारखान्यातून. पवन गोएंका १९९३ मध्ये अमेरिकेतली जनरल मोटर्स सोडून महिंद्राच्या संशोधन विभागात आले, तेव्हा तो विभाग नाशिकला होता. जीप बनवणाऱ्या कंपनीने सुमारे सहाशे कोटी रुपयांत, तरुण इंजिनिअरांची छोटी टीम घेऊन, स्वतःची आधुनिक गाडी उभी केली. जगातल्या मोठ्या वाहन कंपन्यांच्या मानाने हा खर्च फारच थोडा होता. तो आटोक्यात राहिला याचं एक मोठं कारण असं, की सीट, एसी अशा आख्ख्याच्या आख्ख्या सिस्टिम डिझाइनसकट पुरवठादारांवर सोपवल्या होत्या. म्हणजे पुरवठादाराला नुसतं बनवायचं नव्हतं, विचारही करायचा होता. ही संधी कुणाला मिळाली? ज्यांच्याकडे डिझाइनची माणसं, चाचणीची सोय आणि अनुभव आधीपासून होता अशांना, आणि त्यांतली बरीच नावं बहुराष्ट्रीय होती. लहान स्थानिक युनिटांचा वाटा राहिला तो मुख्यतः प्रेसपार्ट, वेल्डिंग, मशिनिंग यांचा. पुढे २०१२ मध्ये चेन्नईजवळ महिंद्रा रिसर्च व्हॅली सुरू झाली आणि गाड्यांच्या विकासाचं मुख्य केंद्र तिकडे गेलं. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर त्या निर्णयात काही गैर नाही. देशभर पसरलेलं काम एका ठिकाणी आणण्यात शहाणपण असतं. पण नाशिकच्या बाजूने पाहिलं तर कारखाना इथे राहिला आणि तो काय बनवणार हे ठरण्याची जागा दुसरीकडे गेली. शहरात मोठा उद्योग असूनही हे होऊ शकतं, आणि व्हेंडरकडे स्वतःची विचार करण्याची सोय नसेल तर ते त्याला कळतसुद्धा नाही. त्याच्याकडे ड्रॉइंग पूर्वीसारखीच येत राहतात.

ओझरची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तीही लक्षात घ्यायला हवी. हा कारखाना चालवणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, इथे कित्येक दशकं रशियन ड्रॉइंगवरून विमानं बनवली: मिग-२१, मिग-२७, नंतर सुखोई-३०. पण त्याच आवारात विमानांच्या आधुनिकीकरणासाठी संशोधन आणि डिझाइनचं वेगळं केंद्र उभं राहिलं. मिग-२७ अद्ययावत करण्याचं काम तिथे झालं. सुखोईवर ब्राह्मोस बसवायचं तर विमानाच्या सांगाड्यात बदल करावे लागणार होते. ते केले गेले आणि जून २०१६ मध्ये असं पहिलं विमान ओझरहूनच उडालं. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या नव्या लाइनवरचं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. तेजसचं डिझाइन ओझरचं नाही, ते बंगळुरूचं. तरी मुद्दा असा, की परवान्यावर चालणाऱ्या कारखान्यानेही उत्पादनापासून वेगळी एक टीम राखली तर तो दुसऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये जबाबदारीने बदल करण्याइतका तयार होतो. ती टीम रोजच्या टार्गेटमध्ये ओढली गेली असती तर हे झालं नसतं.

आता अंबडमधल्या शे-दीडशे कामगारांच्या एखाद्या सर्वसाधारण कंपनीकडे येऊ. तिथे ‘एनपीडी’ नावाचा विभाग असतो. नवीन उत्पादनांचा विकास असं त्याचं नाव. प्रत्यक्षात काय चालतं? ग्राहकाचं नवं ड्रॉइंग येतं, पार्ट बनवता येईल का ही फीजिबिलिटी बघितली जाते, कोटेशन जातं, टूलिंग, म्हणजे साचे आणि हत्यारं, तयार होतं, सॅम्पल पास होतात, ग्राहकाच्या मंजुरीसाठी पीपॅपची फाइल भरली जाते, पार्ट लाइनवर जातो. हे काम अवघड आहे, आणि आपले लोक ते उत्तम करतात. मायक्रॉनमध्ये मोजावा लागणारा पार्ट लाखोंच्या संख्येने एकसारखा काढणं सोपं नसतं. पण हे सगळं जुन्या ग्राहकाच्या नव्या ऑर्डरची तयारी आहे. नवं उत्पादन ग्राहकाचं आहे, विकास ग्राहकाने ठरवलेला आहे, आणि उद्या त्याने तेच ड्रॉइंग चाकणच्या दुसऱ्या व्हेंडरला दिलं तर आपल्याकडे उरतं ते पडून राहिलेलं टूल. मालक मात्र मनापासून समजतो की आपल्याकडे विकास विभाग आहे, त्यावर खर्चही होतो आहे, म्हणजे नावीन्य चालू आहे.

म्हणून मी मालकांना एकच गोष्ट तपासायला सांगतो. मागच्या महिन्यात तुमच्या इंजिनिअरांचे जेवढे तास गेले, त्यांतले किती तास अशा कामावर गेले ज्याची अजून कुणी ऑर्डर दिलेली नाही? उत्तर बहुतेक ठिकाणी शून्य येतं. ते शून्य आहे तोवर बाकीचं सगळं, भिंतीवरचं ‘इनोव्हेशन’चं पोस्टर, वार्षिक स्पर्धा, सल्लागाराचं सादरीकरण, यांना काही अर्थ नाही. नावीन्याचं धोरण म्हणजे कल्पना गोळा करण्याची योजना नव्हे. कल्पना आपल्याकडे पुष्कळ आहेत. धोरण म्हणजे आजच्या डिस्पॅचच्या रेट्यातून काही तास, काही माणसं आणि काही पैसे कसे राखायचे आणि ते नेमके कशावर लावायचे याचा निर्णय.

हा निर्णय कसा घ्यावा याबद्दल व्यवस्थापनशास्त्रात बरंच लिहिलं गेलं आहे. एक वाटणी तर फारच प्रसिद्ध आहे: नावीन्यावरचे शंभर रुपये धरले तर सत्तर आजच्याच मालात सुधारणा करायला, वीस आपल्या कौशल्याला लागून असलेल्या नव्या बाजारांसाठी आणि दहा अगदी वेगळ्या, धाडसी गोष्टींसाठी. दीर्घकाळात परतावा मात्र साधारण उलट क्रमाने मिळतो, असंही ही वाटणी मांडणारे सांगतात. मला यातला मूळ विचार पटतो: तिन्ही प्रकारची कामं वेगळी आहेत, त्यांना वेगळी माणसं, वेगळा धीर आणि वेगळी मोजमापं लागतात. पण नाशिकच्या व्हेंडर कंपनीने हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. तिच्या बाबतीत सत्तरमधला बहुतेक फायदा तिच्याकडे राहतच नाही. दरवर्षी ग्राहक ‘कॉस्ट डाऊन’ मागतो, लांब मुदतीच्या करारातच दर कमी करण्याचं कलम असतं. कामगाराने सुचवलेल्या सुधारणेतून जे वाचलं ते पुढच्या वर्षीच्या दरात निघून जातं. सुधारणा करायलाच हवी, नाही केली तर ऑर्डर जाते. मात्र ती टिकून राहण्याची किंमत आहे, उद्याची गुंतवणूक नाही. अशा कंपनीचं खरं धोरण मधल्या विसात आहे: आपल्याला जे येतं ते, आजच्या ग्राहकाला सोडून, आणखी कुणाला, आपल्या डिझाइनने, कसं विकता येईल. इंधनाच्या नोझलसाठी लागणारी अचूकता ज्याच्या हाताला आहे त्याला हायड्रॉलिक्स, वैद्यकीय उपकरणं, शेतीच्या फवारणीची यंत्रं अशी दारं आहेत. ती उघडायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून ती ऑर्डर भरपूर असतानाच ठोठावावी लागतात.

कामगारांचा मुद्दा इथेच घ्यायला हवा, कारण त्याबद्दल आपण सोयीस्कर गप्प राहतो. टोयोटाने कामगारांकडून सुधारणा मागवणारी सूचना योजना १९५१ मध्ये सुरू केली आणि जगभर तिची नक्कल झाली. आपल्याकडेही शॉपफ्लोअरवर कायझेनचे, म्हणजे सततच्या छोट्या सुधारणांचे, बोर्ड असतात, क्वालिटी सर्कलच्या स्पर्धांमध्ये नाशिकचे संघ बक्षिसं आणतात. पण ज्या देशात ही पद्धत रुजली तिथे मोठ्या कंपन्यांतला कामगार वर्षानुवर्षं त्याच कंपनीत राहत असे. आपल्या लाइनवर उभा असलेला मुलगा ठेकेदाराचा असतो, सात-आठ महिन्यांनी त्याला ब्रेक देऊन कामावरून काढलं जातं, मग दुसरा येतो. मशीनचा आवाज बदलला की काहीतरी बिघडतंय हे ज्याला कळायला लागतं, त्याच वेळी तो बाहेर पडतो. त्याने सूचना का द्यावी, आणि दिली तर ती आठवायला उरतं कोण? जी कंपनी पाच वर्षांनी काय बनवायचं याचा विचार करते तिला पाच वर्षं टिकणारी माणसं लागतातच. कायम कामगारांची संख्या आटवत नेऊन नावीन्याची अपेक्षा ठेवणं हा सरळ अंतर्विरोध आहे, आणि उद्योग संघटनांनी तो उघडपणे मान्य करावा.

आपल्याच जिल्ह्यात हे नियोजन उत्तम जमलेलं एक क्षेत्र आहे, फक्त एमआयडीसीतले लोक तिकडे उद्योग म्हणून पाहत नाहीत. दिंडोरी-निफाडकडचा द्राक्ष बागायतदार घ्या. पाच एकर थॉमसन असलेला शेतकरी नवी जात आली म्हणून पूर्ण बाग तोडत नाही. तो एखाद्या एकरावर डॉगरिज या काटक जातीच्या खुंटावर नव्या जातीचं कलम भरतो. तो एकर एक-दोन हंगाम उत्पन्न देणार नाही हे त्याला माहीत असतं, घर उरलेल्या चार एकरांवर चालतं. ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीतही त्या एकराचं पाणी, खत, मजूर वेगळे ठरलेले असतात. आणि नव्या जातीला तडे गेले, गोडी भरली नाही, व्यापाऱ्याने नाक मुरडलं, तर तो ती काढून टाकतो. वडिलांनी लावली म्हणून ठेवत नाही. जागा राखणं, वेळ देणं, वेळेवर थांबणं, हे सगळं त्यात आहे.

त्याच शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काय केलं हेही पाहण्यासारखं आहे. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. नाशिकच्या द्राक्षपट्ट्याला तो जबर फटका होता. ज्यांनी त्यातून धडा घेतला त्यांनी फवारणीच्या नोंदी, फळातल्या औषधांच्या अंशांची (रेसिड्यू) चाचणी, प्लॉटपर्यंत माग काढता येईल अशी व्यवस्था हा धंद्याचा गाभा केला. त्याच सुमारास विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनी मोहाडीत सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. तिने निर्यातीबरोबर प्रक्रिया उद्योग घेतला, परदेशात विकसित झालेल्या ‘आरा’ नावाच्या द्राक्षजाती परवाना घेऊन लावल्या, रॉयल्टी मोजली, आणि २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपये उभे केले. नवी जात आपली नसेल तर ती रीतसर विकत घ्या, पण कुठली घ्यायची हे आपण ठरवा, हा धोरणाचा भाग झाला. सगळं स्वतःच शोधून काढलं पाहिजे असा हट्ट लहान कंपनीने धरू नये. परवाना घेणं, एखादी छोटी परदेशी कंपनी किंवा तिचं तंत्र विकत घेणं, हेही नावीन्याच्या नियोजनात बसतं.

वाइनचं उदाहरण मात्र उलट बाजूने शिकवतं. सुलाची पहिली वाइन २००० मध्ये आली, राज्याचं वाइन धोरण २००१ मध्ये. मग विंचूरचा वाइन पार्क, मग वायनरींची रांग. २००८ नंतर मंदी आली तेव्हा त्यांतल्या कित्येकांच्या टाक्यांमध्ये माल पडून राहिला, काही बंद पडल्या. बहुतेकांनी टाक्या, बाटल्या आणि द्राक्षाच्या जाती यांची नक्कल केली होती. सुलाने गंगापूरजवळ लोकांना बागेत बोलावून चव दाखवण्याची, वाइन प्यायची सवय नसलेल्या देशात ग्राहक घडवण्याची जी मेहनत घेतली, तिच्यासाठी इतरांनी पैसेच राखले नव्हते. नवा माल बनवण्याचा खर्च धरला, तो विकत घेणारा माणूस तयार करण्याचा खर्च धरला नाही. इंजिनिअरिंगवाल्यांची हीच चूक मी पुन्हा पुन्हा बघतो. प्रोटोटाइप चोख असतो, तो घेऊन दहा ग्राहकांच्या दारात जाणारा माणूस नेमलेला नसतो.

मग कंपनीने करायचं काय? सविस्तर आराखडा ज्याचा त्याने करायचा, पण काही गोष्टी मला अपरिहार्य वाटतात. पहिली म्हणजे एक माणूस, पूर्ण वेळ. अर्धा वेळ प्रॉडक्शन आणि अर्धा वेळ विकास असं ठेवलं की लाइन बंद पडल्याच्या पहिल्या फोनला विकास संपतो. तो माणूस मालकाला थेट उत्तरदायी हवा, प्लांट हेडला नव्हे, कारण प्लांट हेडचं मोजमाप आजच्या डिस्पॅचवर होतं आणि त्यात त्याची चूक नाही.

दुसरी गोष्ट तारखांची. धोरण म्हणजे भविष्य ओळखणं अशी एक समजूत आहे. पण उद्योगावर येणारी कितीतरी संकटं आधीच तारीख सांगून येतात. गाड्यांच्या धुराच्या बीएस-४ निकषांवरून थेट बीएस-६ वर जाणार, हे केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं आणि १ एप्रिल २०२० पासून ते लागू झालं. एप्रिल २०१९ मध्ये मारुतीने डिझेल गाड्या बंद करण्याची घोषणा केली. डिझेलच्या पार्टवर पोट असलेल्या नाशिकसारख्या शहराला चार वर्षं मिळाली होती. त्या चार वर्षांत किती युनिटांनी आपल्या विक्रीतला डिझेलचा हिस्सा कागदावर मांडून पाहिला? पुढचीही तारीख आता येऊन गेली आहे. युरोपने आयात होणाऱ्या पोलाद-ॲल्युमिनियमच्या मालावर कार्बनचा हिशेब ऑक्टोबर २०२३ पासून मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्याची किंमत मोजण्याचा टप्पा सुरू झाला. नटबोल्टसुद्धा त्यात येतात. विजेवरच्या गाड्यांमुळे इंजिनचे कुठले पार्ट कमी होत जाणार हे कोणत्याही फोरमनला विचारलं तरी सांगेल. हे सगळं एका मोठ्या कागदावर, वर्षांसमोर, आपल्या पार्ट नंबरांसकट लिहून काढायला दोन दिवस पुरतात. तो कागद दर तिमाहीला मालकाच्या टेबलावर यायला हवा.

तिसरी, आणि आपल्या घरगुती कंपन्यांमध्ये सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे थांबवणं. कॅनडातल्या रॉबर्ट कूपर यांनी १९८० च्या दशकात नव्या उत्पादनाच्या वाटेवर टप्प्याटप्प्याला ‘गेट’ ठेवण्याची पद्धत मांडली: प्रत्येक गेटवर ठरलेला पुरावा दाखवा, नसेल तर पुढचे पैसे नाहीत. मोठ्या कंपन्यांत या पद्धतीची कागदबाजी होते हे खरं आहे. पण लहान कंपनीत याहून मोठा आजार असतो, तो म्हणजे मालकाच्या आवडीचा प्रकल्प. मुलगा परदेशात शिकून आला, त्याने एक मशीन काढायचं ठरवलं, आता वर्षामागून वर्षं पैसे जात आहेत आणि बोलायची कुणाची प्राज्ञा नाही. यासाठी सुरुवातीलाच लिहून ठेवावं: अमुक तारखेपर्यंत, अमुक खर्चात, पैसे मोजणारे तीन ग्राहक मिळाले नाहीत तर हे बंद. आणि तो निर्णय घेणाऱ्यांत घराबाहेरचा एक तरी जाणता माणूस असावा. बंद केलेल्या कामावरच्या इंजिनिअरला शिक्षा होता कामा नये. त्याने लवकर थांबवलं म्हणून जे पैसे वाचले ते त्याच्या नावावर मांडावेत.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, तो गंभीर आहे: लहान माणसाला हे परवडत नाही. बिलं नव्वद-नव्वद, एकशेवीस दिवस अडकतात, बँकेच्या कॅश क्रेडिटची (सीसी) मर्यादा भरलेली असते, पगाराची तारीख डोक्यावर असते, अशात ऑर्डर नसलेल्या कामावर इंजिनिअर बसवा म्हणणं सोपं आहे. हे मला मान्य आहे. शिवाय जॉबवर्क हा कमी दर्जाचा धंदा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. वीस माणसांच्या युनिटने उत्तम जॉबवर्क करावं आणि अभिमानाने करावं. माझा रोख त्यापेक्षा मोठ्या कंपन्यांकडे आहे, ज्या दर दोन वर्षांनी नवी शेड आणि नवी सीएनसी घेतात आणि तरीही विकासासाठी पैसे नाहीत म्हणतात. एका मशीनचा हप्ता आणि एका चांगल्या डिझाइनरचा पगार यांत फार अंतर नसतं. मशीन तारण ठेवता येतं, माणसाचं डोकं ठेवता येत नाही, हे खरं कारण आहे. आणि बँकेचं हे गणित बदलायला सार्वजनिक धोरणच लागतं.

तिकडे परिस्थिती उत्साहाची नाही. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता, आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाच्या थोडा वर. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या जवळ आहे, आणि तिथे बहुतेक भार उद्योग उचलतात. आपल्याकडे कंपनीच्या संशोधन खर्चावर प्राप्तिकरात पूर्वी दोनशे टक्के वजावट मिळे. ती दीडशेवर आली आणि २०२० पासून शंभर टक्के, म्हणजे खास सवलत संपली. २०२५ मध्ये केंद्राने संशोधन आणि विकासासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर केला. चांगली गोष्ट आहे. पण तो फंड मॅनेजरांमार्फत, बऱ्यापैकी पुढच्या टप्प्यावर आलेल्या तंत्रांसाठी आहे. अंबडच्या युनिटला त्याआधीच्या टप्प्यासाठी, पाच-दहा लाखांच्या प्रोटोटाइपसाठी मदत लागते. ती राज्याने आणि जिल्ह्याने करायची आहे. थकलेल्या बिलांबाबत कायदा कडक झाला आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. तरी ग्राहक तुटेल या भीतीने तक्रार करायला कोणी धजावत नाही. एकट्या व्हेंडरने बोलायचं नाही तर संघटनेने नाव न घेता, आकडेवारीसह बोलावं. अडकलेला प्रत्येक महिना विकासाच्या खर्चातूनच वजा होत असतो.

चाचणीच्या सोयींचंही तसंच. स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्यांना टाइप टेस्टसाठी, म्हणजे नव्या डिझाइनच्या प्रमाणपत्राच्या चाचणीसाठी, भोपाळ-बंगळुरू गाठावं लागणं म्हणजे रांग, भाडं आणि गेलेले महिने. नाशिकजवळच्या शिलापूरच्या सीपीआरआय, म्हणजे केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेच्या, प्रयोगशाळेसाठी नाशिकच्या उद्योजकांनी जो पाठपुरावा केला तो मला मदर इंडस्ट्रीच्या कुठल्याही निवेदनाहून मोलाचा वाटतो. जवळ प्रयोगशाळा असली की नापास होणं स्वस्त होतं, आणि नापास होणं स्वस्त झालं की लोक नवं करून बघतात.

आणि पहिली खरेदी. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी, नाशिकचेच असलेले एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन हा कुंभमेळ्याच्या अडचणींवर तंत्राने उपाय शोधण्याचा उपक्रम झाला. गर्दीची पावलं मोजणारी चटई, साथींवर लक्ष ठेवण्याची पद्धत, असे कितीतरी उपाय इथल्या मुलांनी काढले. पुढे टीसीएसने डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे केंद्र नाशिकमध्ये सुरू केलं. त्या काळात शहरात जो उत्साह होता तो मला आजही मोलाचा वाटतो. कमी पडलं ते पुढचं पाऊल: प्रयोग म्हणून केलेली गोष्ट रीतसर विकत घेणारं कुणी नव्हतं. निविदेत मागच्या तीन वर्षांचा अनुभव आणि उलाढालीची अट असली की नवी वस्तू बनवणारा पहिल्याच पानावर बाद होतो. आता २०२६-२७ चा सिंहस्थ आहे, त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे, खर्च प्रचंड आहे. पाण्याची तपासणी, कचरा, गर्दीचं नियमन, तात्पुरती शौचालयं, विजेची सुरक्षितता अशा कामांत काही खरेदी इथल्या नव्या उत्पादनांसाठी राखून ठेवता येते: लहान प्रमाणात, कडक चाचणी घेऊन, पण पैसे मोजून. नाशिक महापालिकेने एकदा वापरलेली वस्तू उज्जैनला, पंढरपूरला दाखवता येते. अनुदानाच्या दहा योजनांपेक्षा अशी एक ऑर्डर कंपनीला जास्त घडवते, कारण तिच्यात तक्रार करणारा खरा ग्राहक असतो.

राहिला प्रश्न माणसांचा. इंजिनिअरिंगची कॉलेजं आपल्याकडे कमी नाहीत, के. के. वाघ आहे, मराठा विद्या प्रसारक संस्थेचं (मविप्र) आहे, संदीप आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथली शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्प करतात, आणि त्यांतले बरेच तयार विकत घेतलेले असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कंपन्यांनी आपल्या ऑर्डर नसलेल्या कामांच्या यादीतला एकेक प्रश्न या मुलांना द्यावा: पार्टचं वजन कमी करणं, जुन्या मशीनला सेन्सर बसवणं, कांद्याच्या चाळीत हवा खेळती ठेवण्याची स्वस्त यंत्रणा. लागणारी मशिनं अंबडच्या इंजिनिअरिंग क्लस्टरमध्ये भाड्याने मिळू शकतात. कंपनीने द्यायचं ते साहित्य, आणि आठवड्यातली एक दुपार मोकळी करून दिलेला एक अनुभवी टूलरूमवाला. जून-जुलैमध्ये कॉलेजांत प्रकल्पांचे विषय ठरतात. त्याआधी, मे महिन्यातच, प्रश्नांची ही यादी निमा आणि आयमा या इथल्या उद्योजक संघटनांच्या कार्यालयांत पोहोचलेली असली पाहिजे.